निळा प्लेस्टेशन, हिरवा एक्सबॉक्स आणि एक उघडा बोर्ड: नेमकं काय हाती लागलंय? (फोटोंसह)

सिएटलचा_पाऊस
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला राहतो. आज सकाळी दोन मैलांवरच्या एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. इथे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं दोन दिवस दार उघडं ठेवतात आणि लोक येऊन वस्तू घेऊन जातात. गॅरेजमध्ये पुठ्ठ्याच्या एका खोक्यात खालच्या चार गोष्टी होत्या. सगळ्या मिळून ६० डॉलरला घेतल्या.

एक निळ्या रंगाचा प्लेस्टेशन, पहिल्या पिढीचा. आपल्याला माहीत असलेला राखाडी नाही, गडद निळा. एक हिरवा, आरपार दिसणारा मूळ एक्सबॉक्स. एक उघडा सर्किट बोर्ड, सुपर निन्टेंडोच्या कॅसेटमध्ये असतो तेवढा, त्यावर चार लांबट चिपा आणि चिपांच्या मधोमध काचेची गोल खिडकी. दोन खिडक्यांवर कागदी चिठ्ठ्या आहेत, दोन उघड्याच. आणि एक सीडी. छापील नाही, राइट केलेली. तिच्यावर मार्करने एक तारीख आणि दोन आद्याक्षरं.

सहावीत असताना डोंबिवलीत ताशी दहा रुपये देऊन टीव्ही गेम खेळायचो, तेव्हापासूनचं हे वेड आहे. हे प्रोटोटाइप आहे का, डेव्हलपमेंट किट आहे का, की कोणीतरी बॉडी रंगवलीय? आणि चालू करून बघू का?

---

खटपट्या
शनिवार, रात्री ९:५८

चालू करू नका. इथले जाणकार 'कथील' येईपर्यंत सगळं खोक्यातच राहू द्या. मी इथे रुमाल टाकून ठेवतो.

---

कथील
शनिवार, रात्री ११:३१

पाऊस, आधी एक काम करा, बाकीचं वाचायच्याही आधी. बोर्डवरच्या ज्या दोन खिडक्या उघड्या आहेत त्या झाका. ॲल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा आणि वर चिकटपट्टी, एवढं आत्ता पुरे. जुन्या चिठ्ठ्या मात्र अजिबात सोलू नका.

कारण सांगतो. त्या चिपा ईप्रॉम आहेत. त्यांच्यातला मजकूर विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो आणि अतिनील प्रकाशाने तो पुसला जातो. खिडकी त्यासाठीच ठेवलेली असते, म्हणजे प्रोग्रामर जुना मजकूर पुसून नवा भरू शकतो. थेट उन्हात अशी चिप आठवड्याभरात कोरी होऊ शकते, ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत. तुमचा बोर्ड गॅरेजच्या अंधारात होता, हे नशीब. आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून फोटो काढत बसाल तर नुकसान तुमच्या हातून होईल.

दुसरं, काहीही पुसू, धुऊ नका. मागे मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी असेल, बॉडीवर कोणी पेनाने आकडा लिहिला असेल, तो मळ नाही, तो पुरावा आहे. पिवळी पडलेली बॉडी पेरॉक्साइड लावून उजळ करायची टूम आहे. नेहमीच्या मशीनला खुशाल करा, पण अशा वस्तूला नको.

आता शब्द नीट वापरू, कारण निम्मा घोळ शब्दांचाच असतो. मॉकअप म्हणजे नुसती बाहेरची आकृती, आत काही नाही. प्रोटोटाइप म्हणजे मशीन बाजारात यायच्या आधी ते चालतं का हे बघायला बनवलेला नमुना. डेव्हलपमेंट किट म्हणजे गेम बनवणाऱ्यांना दिलेलं मशीन, त्यात बहुतेक वेळा जास्त रॅम आणि संगणकाला जोडायची सोय असते. डीबग किंवा टेस्ट किट म्हणजे गेम तपासणाऱ्यांना दिलेलं. ते दुकानातल्या मशीनसारखंच असतं, फक्त ते राइट केलेल्या डिस्कही चालवतं. लिलावाच्या साइटवर या चारही गोष्टींना सरसकट 'दुर्मिळ प्रोटोटाइप' म्हणतात.

मला हे फोटो हवेत: दोन्ही मशीनच्या तळाचं लेबल, मागचे सगळे पोर्ट, बोर्डच्या दोन्ही बाजू, प्रत्येक चिपवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. चिपांवर चार आकडी तारीख असते. ९३१८ असेल तर १९९३ चा अठरावा आठवडा. या आकड्यांचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: दाव्याच्या नंतरची तारीख निघाली तर दावा तिथेच पडतो, पण आधीची तारीख निघाली म्हणून दावा सिद्ध होत नाही. जुन्या चिपा नंतरही बोर्डवर चढवता येतात.

---

सिएटलचा_पाऊस
रविवार, सकाळी ७:०५

खिडक्या झाकल्या. फोटो चढवलेत, सगळे तेवीस.

प्लेस्टेशनच्या तळाच्या लेबलवर मॉडेल क्रमांक डीटीएल-एच१००१ आहे. एक्सबॉक्सच्या तळाशी उत्पादनाची तारीख २००४ ची दिसते. बोर्डवरच्या चारही चिपा २७सी४००१ आणि तारखा ९३१८, ९३१८, ९३१८, ९३२०.

एक्सबॉक्स अजून उघडला नाही. त्याचे स्क्रू दिसतच नाहीत.

---

कथील
रविवार, दुपारी १२:२०

निळ्याबद्दल आधी, कारण तिथे आनंदाची बातमी आहे.

दुकानात मिळणाऱ्या पहिल्या प्लेस्टेशनचे मॉडेल क्रमांक एससीपीएचने सुरू होतात. अमेरिकेतला पहिला एससीपीएच-१००१, सप्टेंबर १९९५ मध्ये आलेला. डीटीएल ही अक्षरं सोनीने गेम बनवणाऱ्यांच्या सामानासाठी ठेवली होती. डीटीएल-एच१००१ म्हणजे अमेरिकेसाठीचं डीबग मशीन. शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० जपान, १ अमेरिका, २ युरोप. निळी आधीची, पुढे हिरव्या बॉडीची डीटीएल-एच१२०० मालिका आली.

म्हणजे हे प्रोटोटाइप नाही. पूर्ण डेव्हलपमेंट किटही नाही. आत रॅम दुकानातल्याइतकीच, २ एमबी. खरं डेव्हलपमेंट किट डीटीएल-एच२०००, आणि ते मशीनसारखं दिसतच नाही: पीसीच्या आत बसवायची दोन लांब कार्डं, त्यांत ८ एमबी रॅम. तुमच्या हाती आलंय ते तपासनिसाचं मशीन.

पण लेबल चिकटवता येतं आणि बॉडी रंगवता येते. म्हणून आता परीक्षा घेऊ. प्लेस्टेशनच्या छापील डिस्कच्या आतल्या कडेला एक बारीक, मुद्दाम केलेला नागमोडीपणा असतो आणि त्यात प्रदेशाची खूण असते. घरच्या रायटरला तो काढता येत नाही, म्हणून दुकानातलं मशीन राइट केलेली सीडी नाकारतं. डीबग मशीन ही खूण तपासतच नाही. तुमच्या मशीनने साधी राइट केलेली सीडी स्वीकारली तर अर्धं काम झालं.

अर्धंच का, ते लॅमिंग्टन रोडला जाऊन आलेल्या प्रत्येकाला कळेल. चिप मारलेलं, म्हणजे कॉपी सीडी चालाव्यात म्हणून आत जास्तीची चिप बसवलेलं मशीनही राइट केलेली सीडी चालवतं. म्हणून बॉडी उघडून बघायचं: मदरबोर्डवर नंतर डकवलेली छोटी चिप आणि तिच्यापासून निघालेल्या चार-सहा बारीक वायरी आहेत का? नसतील आणि तरीही सीडी चालली, तर मशीन खरं.

आणि कृपया ती खोक्यातली जुनी सीडी परीक्षेला वापरू नका. आजच एक कोरी सीडी घेऊन, कोणत्याही हौशी माणसाने बनवलेला मोफत प्रोग्राम तिच्यावर राइट करा. पंचवीस वर्षांपूर्वीची सीडी पहिल्यांदा फिरेल ती कॉपी करण्यासाठीच.

---

खटपट्या
रविवार, दुपारी १:०२

कथीलच्या मुद्द्याला जोडून: काळा प्लेस्टेशन कुठे दिसला आणि लेबलवर डीटीएल-एच३००० च्या आसपासचा आकडा असेल, तर तो नेट यारोझे. तो सोनीनेच हौशी लोकांना टपालाने विकला होता, अमेरिकेत साधारण ७५० डॉलरला. छान वस्तू आहे, पण कोणी 'गुप्त किट' म्हणून विकत असेल तर तसं नाही.

अवांतर: पहिल्या मॉडेलांची लेझरची प्लास्टिकची पट्टी उष्णतेने झिजून वाकायची. आम्ही मशीन उलटं ठेवून खेळायचो ते त्यामुळेच. निळ्यातही तोच भाग आहे, त्यामुळे सीडी अडखळली तर लगेच 'खोटं' म्हणू नका.

---

रुंजी
रविवार, रात्री ८:४५

हा धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी पुण्यात पाच वर्षं गेम तपासायचं काम केलं, एका कंपनीत जी आता नाही. दिवसभर भिंतीवर चालायचं, आठशे वेळा एकाच दाराला धडकायचं, कुठे अडकतंय ते लिहायचं. आमच्याकडे टेस्ट किट होती, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी, रोज संध्याकाळी मोजून कपाटात. कंपनी गुंडाळली तेव्हा जी किट परत पाठवायची होती ती गेली. पण तपासणीच्या डिस्क, अर्धवट बिल्ड (म्हणजे गेमच्या अपुऱ्या आवृत्त्या), वह्या, हे सगळं एका दुपारी श्रेडरमध्ये घातलं. नियम तसाच होता, कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण जे गेम पुढे रद्द झाले, त्यांचं त्या डिस्कखेरीज जगात कुठेही काही नव्हतं. दोन वर्षं मी ज्या गावात रोज फिरत होते, ते गाव आता फक्त माझ्या डोक्यात आहे. म्हणून पाऊस, तुमच्या त्या मार्करने लिहिलेल्या सीडीकडे माझं मशीनपेक्षा जास्त लक्ष आहे.

ओळखण्याबद्दल माझ्या बाजूने एक सांगते. डेव्हलपमेंट किट गेमच्या मशीनसारखंच दिसेल ही अपेक्षा सोडा. एक्सबॉक्स ३६० ची सगळ्यात पहिली किट म्हणजे ॲपलचे पॉवर मॅक जी५ होते, कारण त्यांत ३६० च्याच जातीचा पॉवरपीसी प्रोसेसर होता. २००५ च्या ई-३ या गेमच्या प्रदर्शनातली प्रात्यक्षिकंही त्यांच्यावरच चालली. भंगारवाल्याकडे असा जी५ आला तर तो ॲल्युमिनियमच्या भावाने जाणार, कोणाला काय कळणार? निन्टेंडो ६४ चंही तसंच. सिलिकॉन ग्राफिक्सचं निळं इंडी वर्कस्टेशन आणि त्याच्या पोटात खोचलेला एक खास बोर्ड. बोर्ड काढला की उरतं ते साधं इंडी. म्हणजे ज्याला आपण किट म्हणतो तो कधी कधी तळहाताएवढा बोर्ड असतो, आणि लोक भोवतीचा डबा जपतात.

प्लेस्टेशन २ चं किट याउलट, बघताच कळतं. डीटीएल-टी१००००, एखाद्या जुन्या मोठ्या ॲम्प्लिफायरसारखा काळा डबा, मागे नेटवर्कची तार लावायची सोय आणि आत दुकानातल्या ३२ एमबीच्या जागी १२८ एमबी रॅम. ते रॅमचं गणित नेहमी विचारा. गेम बनत असताना तो अस्ताव्यस्त असतो, चुका शोधायची साधनंही सोबत चालू असतात. त्यामुळे बनवणाऱ्याला जास्त जागा लागतेच.

---

अक्षयवट
सोमवार, सकाळी १०:१५

रुंजीताईंचा प्रतिसाद वाचून थांबलो. वाचनखूण साठवली.

'बॉडीवर जाऊ नका' याचं सगळ्यात मोठं उदाहरण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे धागा शोधणाऱ्यांना मिळेल.

अटारीचं जॅग्वार मशीन बंद पडल्यावर त्याच्या बॉडीचे साचे दातांच्या डॉक्टरांसाठी कॅमेरे बनवणाऱ्या एका कंपनीने विकत घेतले. खरोखरच. जॅग्वारच्या बॉडीत तोंडात घालायच्या कॅमेऱ्याचं यंत्र विकलं जायचं. म्हणून कुठे पांढरी जॅग्वारची बॉडी दिसली तर ती अटारीच्या प्रयोगशाळेतली नसते, दवाखान्यातली असते.

मग तेच साचे २०१५ च्या सुमारास एका नव्या मशीनसाठी घेतले गेले, रेट्रो व्हीजीएस. लोकांकडून पैसे उभे करायची पहिली मोहीम फसली. पुढे त्याच कल्पनेला कोलेको या जुन्या गेम कंपनीचं नाव मिळालं, कोलेको कॅमेलियन. फेब्रुवारी २०१६ च्या न्यू यॉर्क टॉय फेअरमध्ये 'चालणारा प्रोटोटाइप' ठेवला होता. अटारीप्रेमींच्या एका चर्चामंचावर लोकांनी फोटो मोठे करून पाहिले. मागच्या बाजूची जोडणी सुपर निन्टेंडोच्या छोट्या, नंतरच्या मॉडेलशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे जॅग्वारच्या बॉडीत सुपर निन्टेंडोचा बोर्ड बसवला होता. त्यावर शंका आल्यावर पारदर्शक बॉडीतला एक नवा फोटो प्रसिद्ध झाला, आत हिरवा बोर्ड. काही तासांत लोकांनी तोही ओळखला: सुरक्षा कॅमेऱ्यांचं चित्रीकरण करायला पीसीत बसवतात ते कार्ड. चिपांची जागा, कपॅसिटरांची रांग, कडेचे पोर्ट, सगळं एकेक जुळवून दाखवलं. कोलेकोने स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी मागितली आणि मार्च २०१६ मध्ये आपलं नाव काढून घेतलं.

मला या गोष्टीत कोण चुकलं यापेक्षा लोकांनी ओळखलं कसं ते मोलाचं वाटतं. त्यांच्या हातात वस्तू नव्हती, फक्त फोटो होते. पण बोर्डवरची मांडणी ही हाताच्या ठशासारखी असते. रिकामी बॉडी कोणालाही मिळते. बोर्ड मात्र कुठून तरी आलेला असतो आणि तो कुठून आला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

---

सिएटलचा_पाऊस
सोमवार, रात्री १०:५०

आधी निळा. नवी सीडी राइट केली, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा चालली! उघडून पाहिलं, आत एकही जास्तीची वायर नाही, फोटो ३१ ते ३४ बघा. हात थरथरत होते.

आता एक्सबॉक्स. स्क्रू रबरी पायांखाली आणि लेबलखाली लपलेले होते. उघडल्यावर मला आधी आनंदच झाला, कारण रॅमच्या आठही जागा भरलेल्या दिसल्या. मी वाचलं होतं की डीबग किटमध्ये १२८ एमबी असते आणि दुकानातल्यात ६४. म्हणजे हाही खरा?

---

कथील
सोमवार, रात्री ११:४०

फोटो ४० आणि ४१ मोठे करून तीनदा बघितले. निळ्याबद्दल मनापासून अभिनंदन, ते खरं आहे. हिरव्याबद्दल मात्र वाईट वाटतं.

मूळ डीबग किट हिरव्या पारदर्शक बॉडीत मिळायचं आणि त्यात १२८ एमबी रॅम असायची, हे बरोबर. पण २००४ मध्ये दुकानात हेलो गेमसोबत जी खास आवृत्ती विकली गेली तिची बॉडीही पारदर्शक हिरवीच होती. तुमच्या लेबलवर २००४ आहे.

आता रॅम बघा. दुकानातल्या आधीच्या मदरबोर्डवर आठ जागा असतात, चार भरलेल्या, चार रिकाम्या. रिकाम्या जागांवर चिपा चढवून १२८ एमबी करणं हे हौशी लोकांचं जुनं काम आहे. फोटो ४१ मध्ये चार चिपांच्या पायांवरचं सोल्डर सपाट आणि सारखं आहे. ते कारखान्यातल्या भट्टीतलं. उरलेल्या चारांच्या पायांवर ते फुगीर आहे, दोन ठिकाणी शेजारचे पाय जवळजवळ चिकटलेत, आणि भोवती तपकिरी चिकट थर दिसतो. तो फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात तो पदार्थ, हाताने सोल्डर केल्यावर पुसायचा राहिला की असा सुकतो. शिवाय या चार चिपांवर तारीख ०३ ने सुरू होते आणि मूळ चारांवर ०२ ने. कारखान्यातून एका दमात निघालेल्या बोर्डवर असा वर्षभराचा फरक पडत नाही.

आणि शेवटचा दुवा: बोर्ड २००२ चा, लेबल २००४ चं. म्हणजे जुना बोर्ड हेलोच्या बॉडीत घातलाय. १.६ या शेवटच्या आवृत्तीच्या बोर्डवर त्या चार जागाच नाहीत, बहुधा म्हणूनच कोणी जुना बोर्ड शोधला असावा. ज्याने केलं त्याने फसवायला केलं असं मी म्हणणार नाही. घरी गेम बनवून बघणाऱ्याला जास्त रॅम हवी असते.

एक काम मात्र आजच करा. त्या बोर्डवर घड्याळासाठी एक कपॅसिटर असतो, फोटो ४० मध्ये मी गोल केलाय. तो वयाबरोबर गळतो आणि खालचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकतो. तुमच्या फोटोत बुडाशी ओल दिसायला लागलीय. काढून टाका, त्याच्याशिवाय मशीन चालतं, फक्त प्लग काढला की वेळ विसरतं.

---

कोथरूडकर_९०
मंगळवार, सकाळी ९:२५

सर्व माहिती उत्तम. एकच प्रश्न: निळा विकायचा झाला तर किती येतील? आणि त्या सोनी-निन्टेंडोच्या मशीनसारखे लाखो डॉलर कशाला मिळतात?

---

अक्षयवट
मंगळवार, सकाळी ११:१०

भावाचं मला सांगता येणार नाही. निळं दुर्मिळ आहे, पण एकमेव नाही, एवढं खरं.

सोनी-निन्टेंडोचं म्हणाल तर तिथे वस्तूइतकीच तिची वाट महत्त्वाची ठरली. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने सुपर निन्टेंडोला जोडलेलं सीडीचं मशीन जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हात मिळवल्याचं सांगितलं. ते मशीन बाजारात आलंच नाही. पुढे सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी सोनीचा स्वतंत्र प्लेस्टेशन उभा केला.

त्या पहिल्या प्रयत्नाचा एक नमुना २०१५ मध्ये लोकांसमोर आला. तो २००९ मध्ये एका दिवाळखोर वित्तसंस्थेच्या सामानाच्या लिलावात, इतर वस्तूंसोबत सुमारे ७५ डॉलरला गेला होता. आता प्रश्न, वित्तसंस्थेच्या कपाटात हे आलं कुठून? तर सोनीच्या गेम विभागाचे माजी प्रमुख ओलाफ ओलाफसन पुढे त्या संस्थेत काम करत होते. हा एक दुवा जुळला आणि बाकीचं पटायला लागलं. तरी कोणी लगेच विश्वास ठेवला नाही. २०१६ मध्ये जुनी मशीन उघडून दाखवणारे हौशी तंत्रज्ञ बेन हेक यांनी ते उघडून आतली मांडणी सगळ्यांना दाखवली, पुढच्या वर्षी त्यांनी सीडीचा भागही चालू केला. २०२० च्या मार्चमध्ये ते ३ लाख ६० हजार डॉलरला विकलं गेलं.

पाऊस, म्हणून माझी विनंती: ज्या घरातून खोकं आणलंत तिथे पुन्हा जा. कोणाचं होतं, काय काम करायचे, एवढं विचारा. त्या मुलांनी घर विकलं की हा धागा कायमचा तुटेल.

---

रुंजी
मंगळवार, दुपारी २:३०

+१. आणि विचारताना मऊपणे विचारा. त्यांचं माणूस गेलंय.

कायद्याचंही डोक्यात ठेवा. किट बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचीच असतात, करारावर दिलेली. विकायच्या आधी हे समजून घ्या.

---

सिएटलचा_पाऊस
शुक्रवार, रात्री ११:२०

चार दिवस गायब होतो, माफ करा. आता सगळं एकदम लिहितो.

बोर्ड: आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे चिपा वाचायचं यंत्र होतं. प्रत्येक चिप तीनदा वाचली. चार चिपा मिळून २ एमबी. सुपर निन्टेंडोच्या गेममध्ये ठराविक जागी २१ अक्षरांचं नाव आणि गेममधल्या सगळ्या मजकुराच्या बेरजेचा आकडा असतो, तो आकडा जुळेना. दुकानात आलेल्या गेमशी ताडून पाहिलं तर फक्त एका चिपेत, अकरा ठिकाणी फरक. मी तर नाचायलाच लागलो होतो, वाटलं आधीची आवृत्ती मिळाली. मग कथीलना फोन केला.

---

कथील
शुक्रवार, रात्री ११:५५

त्या फोनवर जे बोललो ते इथेही लिहितो, कारण हे कुठे सहसा वाचायला मिळत नाही.

कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळे बिट १ असतात. मजकूर भरताना त्यातले काही ० केले जातात. भार गळायला लागला की ० चे परत १ होतात, उलटं कधीच होत नाही. म्हणून फरक सापडला की त्याची दिशा बघायची. अकराच्या अकरा ठिकाणी ० चा १ झाला होता, आणि ती चिप उघड्या खिडकीच्या दोघींपैकीच एक. म्हणजे गेम बनवणाऱ्याने काही बदललं नाही, चिप विसरायला लागली. खऱ्या वेगळ्या आवृत्तीत बदल दोन्ही दिशांनी असतात आणि ते गठ्ठ्याने येतात.

पाऊसना सांगितलं की चिपेचं व्होल्टेज थोडं कमी करून पुन्हा वाचा. अशक्त झालेला बिट कमी व्होल्टेजवर पुष्कळदा परत ० दिसतो.

---

सिएटलचा_पाऊस
शनिवार, सकाळी ६:४०

वाचलं. अकराही बिट परत आले, बेरीज जुळली. म्हणजे बोर्डवर आहे तो अंतिम गेमच, बहुधा तपासणीसाठी दिलेली प्रत. नवीन काही नाही, तरी त्या चिपेला स्वतःची आठवण परत मिळाली हे बघून फार बरं वाटलं.

सीडी: दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी केली, दोन्ही प्रती बिटनबिट सारख्या. प्लेस्टेशनचा गेम आहे. डिस्कवर राइट करतानाची तारीख आणि वेळ नोंदलेली आहे आणि ती मार्करच्या तारखेशी जुळते. दुकानातल्या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या यादीत हिच्याशी जुळणारी नोंद नाही. निळ्या मशीनमध्ये प्रत घातली. गेम सुरू झाला. कोपऱ्यात सतत पांढरे आकडे पळत होते आणि दुसऱ्या टप्प्यात एक खोली आहे, जी विकलेल्या गेममध्ये नाही. खोलीत काहीच नाही, एक खिडकी आणि खिडकीबाहेर न रंगवलेलं राखाडी आभाळ. रुंजीताई, तिथे उभा राहिलो तेव्हा मला तुमचं ते गाव आठवलं.

गेमचं नाव मात्र, जुने गेम जतन करणाऱ्या मंडळींनी खात्री केल्यावरच लिहीन.

आणि घर. काल संध्याकाळी गेलो. गेलेल्या गृहस्थांच्या मुलीने दार उघडलं. वडील नव्वदच्या दशकात गेम तपासायचे, शाळा सुटल्यावर ती त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायची. सीडीवरची दोन आद्याक्षरं मी वडिलांची समजत होतो. ती तिची निघाली. तिने तेव्हा एक चूक शोधली होती, म्हणून वडिलांनी त्या बिल्डवर तिचं नाव घातलं होतं.

मी मूळ सीडी तिला परत दिली, प्रत माझ्याकडे आहे. तिच्याकडे माळ्यावर वडिलांच्या सहा वह्या आहेत, तारीखवार. उद्या सकाळी दहाला स्कॅनर घेऊन जातोय.

---

रुंजी
शनिवार, सकाळी ७:०२

वह्यांची पानं सपाट करायला वर काच ठेवा, दाबू नका. आणि समासात लिहिलेलंही सगळं स्कॅनमध्ये येऊ द्या. आम्ही खरी नोंद समासातच करायचो.